कळण्याचं पीठ व्हिएतनामला न्यावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

रावेरकडच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५२, घरची केळीची शेती, लेक-जावई पुण्यात नोकरीला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत लेकीने आईवडिलांना व्हिएतनामला न्यायचं ठरवलं आहे. भाऊबीज झाली की चार दिवसांनी निघायचं, त्रिपुरी पौर्णिमा तिकडेच करून परतायचं. हनोई, मग दा नांग आणि होई आन, शेवटी हो ची मिन्ह शहर. तिकिटं काढून झाली आहेत. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर जाणार आहेत. यजमान शाकाहारी आहेत आणि त्यांना शुगर आहे. ताई माहेरी तापीचे मासे खायच्या, लग्नानंतर सोडले. एकादशी मात्र चुकवत नाहीत. यजमानांनी यादी केली आहे: कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड, लहान तवा आणि इंडक्शनची शेगडी. लेक म्हणाली, "तिथे जाऊनही भाकरीच थापायची तर घरीच बसा ना बाबा." त्यावर यजमान म्हणाले, "मग रद्द कर तिकिटं, आपण स्वयंपाकाचा महाराज सोबत असलेल्या टूरने जाऊ." जाऊबाईंनी तेल ओतलं: "तिकडे कुत्री-मांजरं खातात म्हणे." ताई विचारतात, "बापलेकीच्या मध्ये माझं भरीत झालंय. कोणाचं ऐकू? आणि पीठ नेऊ की नको?"

ताई,

पिठाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देऊन टाकते. खोलीला स्वयंपाकघर जोडलेलं असेल तर न्या, नसेल तर नका नेऊ. हॉटेलच्या साध्या खोलीत शेगडी लावायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि तव्यावर मिरच्या भाजल्या की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. अख्खा मजला खोकत बाहेर येईल. बुकिंग कसलं आहे ते लेकीला विचारा. साधी खोली असेल तर दुधात भिजवलेल्या दशम्या करून न्या. बैलगाडीच्या प्रवासात टिकायच्या तशा त्या विमानातही टिकतात. पहिले तीन-चार दिवस निघून जातील.

आता पत्राकडे येते. चार पानं भरून तुम्ही यजमान काय खातील, काय खाणार नाहीत, लेक काय बोलली, जाऊबाई काय बोलल्या, ते सगळं लिहिलंय. तुम्हाला स्वतःला काय खावंसं वाटतं त्याची एकच ओळ आहे, तीही कंसात: "मोबाइलवर त्या पारदर्शक पापडात गुंडाळलेल्या भाज्या बघते तेव्हा एकदा खाऊन पाहावंसं वाटतं, पण ते जाऊ द्या." ते मी जाऊ देणार नाही. या घरातून प्रवासाला तीन पक्ष निघालेत आणि तिसरा पक्ष कंसात बसलाय. कोणाचं ऐकू असं विचारताना तुम्ही धरूनच चाललात की तुमचं काम फक्त ऐकायचं आहे, आणि दोघांच्या ताटात त्यांच्या मनासारखं पडलं की तुमची सहल झाली. तीस वर्षं घर चालवलं की ही सवय लागते, त्यात नवल नाही. पण सुट्टी तुमचीही आहे.

तो पारदर्शक पापड म्हणजे तांदळाचा. पातळ पीठ उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणलेल्या कापडावर पसरायचं, क्षणभर वाफ द्यायची, अलगद उचलायचं आणि बांबूच्या जाळीवर उन्हात वाळत घालायचं. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या आणि कुरडया घालणाऱ्या बाईला यात समजायला अवघड काय आहे? खाताना तो पाण्यातून काढायचा, मऊ झाला की आत काकडी, पुदिना, कोथिंबीर, बारीक शेवया आणि टोफू ठेवून गुंडाळायचा आणि दाण्याच्या चटणीत बुडवून खायचा. मूळ पदार्थात कोळंबी आणि डुकराचं मांस असतं, शाकाहारी ठिकाणी नसतं.

यजमानांबद्दल थोडं वेगळं बोलते. लेकीला वाटतं बाबा हट्टी आहेत. मला पत्रात दुसरीच गोष्ट दिसली. तुम्ही लिहिलंय की पैसे लेक-जावई भरणार म्हटल्यावर यजमान दोन दिवस गप्प होते. आपल्याकडच्या माणसाला लेकीच्या घरचं पाणी प्यायचं म्हटलं तरी एकेकाळी जड जायचं. हे तर आठ-दहा दिवस जावयाच्या पैशाने, जावयाच्या मोबाइलवरून मागवलेलं, जावयासमोर बसून खायचं. ज्या माणसाला चाळीस एकरांत कुठलं घड कधी उतरवायचं ते कोणी विचारून जातं, त्याला तिथे मेन्यूतलं एक अक्षर वाचता येणार नाही, भूक लागली तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागेल. मग तो म्हणतो, माझा डबा माझ्याजवळ. ठेचा आणि पापड हा त्यांच्या हातात राहिलेला एवढाच भाग आहे. माझा अंदाज चुकीचाही असेल, तुम्ही त्यांना जास्त ओळखता. पण असं असेल तर भाकरी चांगली की नूडल्स चांगले या वादाने काही सुटायचं नाही.

एक करा. मुंबईतून निघण्याआधी किंवा तिथल्या विमानतळावर थोडे पैसे बदलून डाँगच्या नोटा यजमानांच्या खिशात ठेवा. मोठमोठ्या शून्यांच्या नोटा असतात, हिशेब करण्यात त्यांचा वेळ बरा जाईल. सकाळची फळं, शहाळी, उसाचा रस आणि संध्याकाळची कॉफी त्यांच्याकडून, असं ठरवून टाका. आणि त्यांना एखाद्या सकाळी बाजारात मोकळं सोडा. केळीवाल्या माणसाला केळीच्या बाजारात भाषा लागत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते खरंच अभिमानाचं आहे, पण केळ हे मूळ फळ त्याच बाजूचं, आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतलं. तिथे ठेंगणी-जाडी, पिवळी, हिरवी, शिजवून खायची, भाजून खायची अशा कितीतरी जातींचे घड त्यांना दिसतील. शिवाय घड सुटल्यावर आपण तोडून बांधावर टाकतो ते केळफूल तिथे बारीक चिरून, लिंबू आणि भाजलेले दाणे घालून त्याची कोशिंबीर करतात. नेहमीच्या हॉटेलात तिच्यात कोंबडी किंवा कोळंबी घालतात, म्हणून शाकाहारी ठिकाणीच मागवा. आपल्याच शेतातला टाकाऊ माल ताटात आलेला पाहिल्यावर ते निदान एक घास तरी घेतीलच, असं मला वाटतं. न घेतला तर नाही घेतला.

लेकीचंही ऐकून घेऊ. तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. इतक्या लांब जाऊन तिन्ही त्रिकाळ घरचा डबा उघडला तर त्या देशाचा वासही अंगाला लागायचा नाही. आणि हॉटेलात टेबलावर बसून स्वतःचा डबा सोडणं हे जळगावातही चालत नाही, हनोईतही चालणार नाही. तिला लाज वाटते ती याची असेल तर ती रास्त आहे. पण परक्या देशात धीटपणे खाणं ही आईवडिलांनी द्यायची परीक्षा आहे, असं तिने मनात घेतलेलं दिसतं. पुण्यात राहून तिची जीभ सवयीने मोकळी झाली. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या साठीच्या माणसाकडून तीच मोकळीक आठ दिवसांत मागणं जरा घाईचं आहे. तिला एवढंच सांगा की डबा टेबलावर येणार नाही, खोलीत उघडेल, आणि दिवसातलं एक जेवण बाहेरचं होईल. एवढ्यावर तिने थांबावं.

आता जाऊबाई. कुत्र्याचं मांस व्हिएतनाममध्ये, विशेषतः उत्तरेकडे, काही दुकानांत विकलं जातं, हे खरं आहे. पण ते वेगळ्या दुकानांत, मुद्दाम मागणाऱ्याला मिळतं. भाताच्या थाळीत लपवून कोणी वाढत नाही. होई आन शहराने तर २०२१ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या मांसाची विक्री बंद करत नेण्याचं जाहीर केलं. तुम्हाला जपायचं आहे ते निराळ्याच गोष्टींना, आणि त्या दिसत नाहीत म्हणून जास्त अवघड आहेत.

पहिली गोष्ट नुओक माम. लहान मासे आणि मीठ मोठाल्या पिंपांत वर्षभर मुरवून काढलेलं तपकिरी पाणी. आपण मीठ घालतो तिथे ते हे घालतात. भाजीत, चटणीत, सॅलडवर, वांग्यावर. "मांस नको" म्हटलं तर वाढपी प्रामाणिकपणे मांसाचे तुकडे काढून देईल, पण हे तसंच राहील. दुसरी गोष्ट रस्सा. त्यांचा प्रसिद्ध फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया आणि गरम रस्सा, पण तो रस्सा तासन्‌तास गाईची किंवा कोंबडीची हाडं उकळून काढलेला असतो. वरून काही काढून तो शाकाहारी होत नाही. तिसरी गोष्ट परतलेल्या पालेभाजीतला कालव्यांचा सॉस, आणि चौथी डुकराची चरबी, जी कधी कधी चिकट भातावर सुद्धा घातलेली असते.

हे वाचून यजमान म्हणतील, बघ, मी म्हणत होतो! थांबा. त्याच देशात शाकाहाराची जुनी आणि पक्की रीत आहे. तिथल्या बौद्ध मठांतले बहुतेक भिक्षू आणि भिक्षुणी शाकाहारी असतात, आणि अनेक घरांतली साधी माणसंही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे सोडतात. पंधरावा म्हणजे पौर्णिमा. तुम्ही नेमक्या त्रिपुरीला तिथे असाल, एखादा दिवस इकडेतिकडे. त्या दिवशी शाकाहारी खानावळींत गर्दी असते आणि एरवी मांस विकणारेही काही जण शाकाहारी पदार्थ मांडतात. या जेवणाला ते 'चाय' म्हणतात. पाटीवर रोमन लिपीत सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं शोधा. यजमानांना ही चार अक्षरं कागदावर लिहून द्या, त्यांना ती स्वतः हुडकता आली की अर्धी चिंता गेली. अशा ठिकाणी नुओक माम वापरत नाहीत, सोयाबीनचा सॉस वापरतात, आणि काही कर्मठ ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो. लसणाशिवाय यजमानांचं कसं होईल ते मात्र मला माहीत नाही.

एक सूचना आधीच देते, नाहीतर घोटाळा होईल. या खानावळींत सोयाबीन, गव्हाचं सत्त्व, अळंबी यांपासून हुबेहूब मांसासारखे पदार्थ करतात. ताटात कोळंबी दिसेल, कोंबडीचा तुकडा दिसेल. तो खोटा असतो. यजमानांनी पाहून ताट सारलं तर त्यांना हसू नका, पहिल्यांदा कोणीही दचकेल. साधा भात, टोफू, अळंबी, भाज्या असंच मागवा.

इतर ठिकाणी उपयोगी पडावं म्हणून मेन्यूतले चार शब्द सांगते. बी-ओ म्हणजे गोमांस, एच-ई-ओ म्हणजे डुक्कर, जी-ए म्हणजे कोंबडी, टी-ओ-एम म्हणजे कोळंबी. त्यांच्या अक्षरांवर-खाली खूप खुणा असतात, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर पूर्ण विसंबू नका. मासा आणि वांगं या दोघांची सुरुवात सी-ए अशीच होते, फरक फक्त डोक्यावरच्या तिरक्या रेघेचा, एकीचा कल उजवीकडे तर दुसरीचा डावीकडे. यापेक्षा सोपं म्हणजे पहिल्याच दिवशी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीकडून त्यांच्या भाषेत चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, अंडं, माशाचा सॉस, हाडांचा रस्सा, प्राण्याची चरबी चालत नाही. त्या चिठ्ठीचा फोटो चौघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

वांग्यावरून आठवलं. तुमच्या मुलुखात थंडी पडायला लागली की शेतात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. तिथेही वांगं विस्तवावर भाजतात, साल काढतात, आणि वरून तेलात वाफवलेली कांद्याची पात घालतात. ठेचत नाहीत, लांबट तसंच ठेवतात. चवीला नुओक माम असतं, म्हणून तेही 'चाय' खानावळीतच मागवा. जळगावच्या हिरव्या वांग्याची सर त्या बारीक जांभळ्या वांग्याला येईल असं मी म्हणणार नाही. पण तापीकाठच्या माणसाला परदेशातलं पहिलं जेवण सुचवायचं झालं तर मी हेच सुचवीन. सोबत भात आणि तीळ-दाण्याची भरड. हो, भाजलेले दाणे, तीळ आणि मीठ कुटून ते भातावर घालून खातात. तुमची शेंगदाण्याची चटणीच, फक्त मिरची आणि लसूण वजा.

यजमानांनी "आपलं ते आपलं" असं म्हटलं तर भांडू नका, पण एखाद्या निवांत संध्याकाळी ओट्यावर बसून एवढं सांगा की ठेच्यातली मिरची आणि चटणीतला शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर ही पिकं इकडे आली. त्याआधीच्या खानदेशात फौजदारी डाळ नव्हती, शेवभाजीचा तो लाल तवंगही नव्हता. कोणा आजीने पहिल्यांदा तो परका दाणा खलात घातला असेल, तेव्हा तिच्याही जाऊबाई काहीतरी म्हणाल्या असतील.

आता तुमच्याकडे. हा भाग तुमच्यासारख्या पुष्कळ जणींसाठी लिहिते आहे, कारण अशी पत्रं मला वेगवेगळ्या गावांतून येतात आणि बहुतेक प्रत्येकीला वाटतं की नवं खाऊन बघायचं म्हणजे सगळं खायचं, नाहीतर मग काहीच नाही. तसं नसतं. आपली रेघ आधी आखून घ्यायची. काय कधीच खाणार नाही, काय चुकून पोटात गेलं तर मनाला लावून घेणार नाही, आणि काय खायला आवडेल. निघण्याआधी हे तिन्ही ठरलं की तिथे प्रत्येक ताटापुढे धर्मसंकट उभं राहत नाही. गोमांस आणि डुकराचं मांस नाही, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंय, ती रेघ झाली. नुओक मामचा थेंब चुकून गेला तर? यजमानांचं उत्तर वेगळं असेल, तुमचं वेगळं. वेगळं असू द्या.

माशांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण पत्रात तापीचे मासे आलेच. खा म्हणून मी सांगणार नाही, खाऊ नका म्हणूनही नाही. एवढंच म्हणते की लग्नानंतर सोडले ते तुमच्या मनाने सोडले की घरच्या रीतीने, हे स्वतःला एकदा विचारा. मनाने सोडले असतील तर विषय संपला. रीतीने सोडले असतील आणि आजही वास आला की माहेर आठवत असेल, तर हनोईत एक पदार्थ मिळतो, 'चा का'. हळद लावलेले माशाचे तुकडे तुमच्यासमोर तव्यावर परततात आणि वर मूठमूठभर शेपू आणि कांद्याची पात टाकतात. जुन्या हनोईत एका गल्लीचं नावच या पदार्थावरून आहे. मासा आणि शेपू एका तव्यात, हे खानदेशात कोणाला सुचलं असतं असं वाटत नाही. खायचं ठरवलंत तर यजमानांना निघण्याआधी सांगा, त्यांच्या शेजारी बसून नको असेल तर लेकीबरोबर एक दुपार वेगळी काढा. लपून मात्र नको. लपून खाल्लेला मासा आठ दिवसांत बाहेर येतो आणि मग भांडण माशाचं राहत नाही.

एकादशीची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त केली आहे आणि मला वाटतं तो दिवस तुम्हाला सगळ्यात सोपा जाईल. प्रबोधिनी एकादशी त्याच दिवसांत येते. उकडलेली रताळी, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, भाजलेली केळी, शहाळं, पपई, पेरू हे सगळं तिथे रस्त्यावर आणि बाजारात मिळतं. ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कसावाचा कंदही उकडून विकतात. एकादशी दुप्पट खाशी व्हायची भीती तिथेही आहेच. खोबऱ्याचं दूध किंवा साखर वर घातलेली असेल तर आधी विचारा, आणि शेंगा उकडताना काय घातलं तेही.

यजमानांच्या शुगरबद्दल तुमच्या डॉक्टरांशी निघण्याआधी बोला, ते माझ्या सल्ल्याने करू नका. वरवरच्या गोष्टी तेवढ्या सांगते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा फार सरकणार नाहीत. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. तिथलं जेवण तांदळाचं, शेवयाही तांदळाच्या, तेव्हा भाजी आणि टोफू आधी आणि भात बेताने. त्यांची प्रसिद्ध कॉफी घट्ट गोड दुधावर ओततात, ती यजमानांसाठी नव्हे. काळी, साखरेशिवाय मागवा. आणि चालणं भरपूर होणार, जेवण लांबलं तर साखर उतरू शकते, म्हणून खिशात काहीतरी गोड हवंच.

पोट बिघडण्याची भीती बहुतेकांना रस्त्यावरच्या गाडीची वाटते. माझा भरवसा गर्दीच्या गाडीवर जास्त आहे, जिथे डोळ्यांदेखत गरमागरम करून देतात. बुफेत दुपारपासून झाकून ठेवलेल्या पदार्थावर कमी. प्रत्येक जेवणाबरोबर तिथे कच्च्या पाल्याचं ताट येतं, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, कोथिंबीर. फार सुरेख असतं, पण पहिले दोन दिवस त्याला हात लावू नका, पोटाला जरा रुळू द्या. पाणी बाटलीचं. ओआरएसची पाकिटं न्या.

राहिला महाराज सोबत असलेल्या टूरचा प्रश्न. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फार वय झालेल्यांना, पथ्य कडक असणाऱ्यांना, एकट्या निघालेल्यांना ती सोय मोठीच आहे. पण तुमची तिकिटं निघाली आहेत, रद्द केली तर पैसे जातील ते वेगळंच, आणि लेकीबरोबर दहा दिवस राहायला मिळणं ही गोष्ट त्या टूरमध्ये मिळत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती दोन दिवस येते तेव्हा तुमचा सगळा वेळ मांडे करण्यात जातो, हे तुम्हीच लिहिलंय. मी तुमच्या जागी असते तर तिकिटं तशीच ठेवून दिवसाची वाटणी केली असती: सकाळी हॉटेलचा नाश्ता, त्यात फळं, पाव आणि भात बहुतेक ठिकाणी असतात. दुपारी 'चाय' खानावळ. रात्री खोलीत दशमी-चटणी, किंवा एखाद्या दिवशी भारतीय हॉटेल, या तिन्ही मोठ्या शहरांत ती आहेत. ज्याला दुपारी दोनच घास खायचेत त्याने दोनच खावेत. दुसऱ्याच्या ताटाबद्दल बोलायचं नाही, हा नियम लेकीकडून आधी कबूल करून घ्या, मग यजमानांकडून.

त्याआधी घरी एक तालीम करा. तांदळाचे ते पापड आणि चपट्या शेवया ऑनलाइन मिळतात. लेकीला सांगा, दिवाळीला येताना घेऊन ये. फराळाने तोंड गोड-गोड झालेलं असतं, तेव्हा एका संध्याकाळी काकडी, गाजर, पुदिना, पनीर आत घालून गुंडाळ्या करा, आणि दाणे वाटून त्यात गूळ, लिंबू आणि थोडी मिरची घालून चटणी करा. यजमानांना पहिली गुंडाळी त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच शेंगदाण्यात बुडवून खाऊ दे. आवडली तर बरंच आहे. नाही आवडली तर काय आवडलं नाही ते निदान समजेल, चव की तो गिळगिळीत पापड. तसं असेल तर तिथे तळलेल्या गुंडाळ्याही मिळतात, फक्त तेल कसलं ते विचारा.

पावसाचं कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दा नांग आणि होई आनकडचा जोराच्या पावसाचा काळ. होई आनच्या जुन्या गावात नदीचं पाणी शिरतं सुद्धा. तिथे दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून कंदील लावतात, तुमच्या तारखा जुळताहेत, पण पाऊस असला तर ते बघायला मिळेलच असं नाही. त्या भागातला एखादा दिवस हाताशी मोकळा ठेवा, आणि सगळ्यांचे रेनकोट न्या.

सामानाचं शेवटचं. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या घेऊ नका, तेलामुळे पेट घेण्याची भीती म्हणून विमानात त्यांना मनाई असते. पापड भाजून डब्यात भरा, कच्चे नेऊन तिथे काय करणार? चटणी कोरडी ठेवा. आणि ठेचा चेक-इनच्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून वर दोन पिशव्या बांधून. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी ओलसर वस्तू सोडत नाहीत. ठेच्याचा डबा सुरक्षा तपासणीवाल्यांनी काढून घेतला तर यजमानांचा व्हिएतनामवरचा राग मुंबईच्या विमानतळावरच सुरू होईल.